चर्चासत्रात ओळखी कशा होतात? नव्या संशोधकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर ते मार्च हा आपल्याकडे चर्चासत्रांचा हंगाम. या दिवसांत पीएचडीचे विद्यार्थी, तासिका तत्त्वावर शिकवणारे आणि नुकतेच रुजू झालेले सहायक प्राध्यापक हेच प्रश्न फिरून फिरून विचारतात. एक प्रश्न आयोजकांचाही आहे, तो शेवटी घेतला आहे. एका उत्तरात येऊन गेलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पीएचडीसाठी निबंधवाचनाची सक्ती आता राहिली नाही म्हणतात. मग परिषदेला जायचंच कशाला?

सक्ती गेली हे खरं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१६ च्या नियमावलीत प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध प्रकाशित करणं आणि परिषदांत दोनदा वाचन करणं बंधनकारक होतं. नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीत ही अट नाही. तरी तुमच्या विद्यापीठाचा पीएचडीचा अध्यादेश एकदा वाचून घ्या, तिथे स्थानिक अट असू शकते.

सक्ती गेल्याचा फायदा असा की आता प्रमाणपत्रापुरतं जायची गरज उरलेली नाही. जायचं ते माणसांसाठी. तुमच्या विषयावर काम करणारं दुसरं माणूस तुमच्या विभागात बहुधा नसतं. यवतमाळच्या कापूस बाजारावर काम करणाऱ्याला तेलंगणातल्या कापसावर काम करणारी व्यक्ती भेटते ती परिषदेतच. बाजार समितीची जुनी दप्तरं कुणाला विचारल्यावर बाहेर येतात, कुठे प्रकल्प सहायकाची जागा निघणार आहे, कोणत्या नियतकालिकाचे संपादक वर्षभर उत्तरच देत नाहीत, ही माहिती संकेतस्थळावर नसते.

२. नेटवर्किंग म्हणजे शेवटी पुढेपुढे करणंच ना? मला ते जमत नाही.

मग करू नका. साधनव्यक्तींची, म्हणजे बोलावलेल्या वक्त्यांची, बॅग उचलणं, स्टेजवर चढून सेल्फी काढणं, जेवणाच्या रांगेत ‘सर, आमच्याकडे जागा निघाली तर लक्ष असू द्या’ म्हणणं, यातून ओळख होत नाही. समोरच्याला अशी माणसं रोज भेटतात आणि तो रोज विसरतो.

लक्षात राहतो तो कामाचा तपशील. ‘मी पंढरपूरच्या बडव्यांच्या कागदपत्रांवर काम करतेय’ एवढं म्हटलं तरी त्या विषयातला माणूस कान टवकारतो. दोन दिवसांच्या चर्चासत्रात असं नीट बोलणं तीन जणांशी झालं तरी पुष्कळ झालं. त्यातले दोघं तुमच्याच वयाचे असू द्या. ज्येष्ठांच्या मागे सगळेच असतात, पण आज तुमच्या शेजारी बसून डबा खाणारी मुलगी उद्या एखाद्या अंकाची अतिथी संपादक असेल आणि तिला तुम्ही आठवाल.

३. पहिलीच वेळ आहे. मोठ्या राष्ट्रीय परिषदेला जाऊ की जवळच्या लहान चर्चासत्राला?

लहान, एका विषयाच्या आणि दोन दिवस मुक्कामाच्या. रात्रीचं जेवण सोबत असेल तर उत्तमच. सामाजिक शास्त्रांत असाल तर मराठी अर्थशास्त्र परिषद, मराठी समाजशास्त्र परिषद यांची अधिवेशनं ही सुरुवातीला चांगली जागा. निबंध मराठीत वाचता येतो आणि जिल्ह्याजिल्ह्यातले शिक्षक तिथे येतात.

मोठ्या परिषदा नंतर. त्यांचा आपल्याकडचा वारसा जुना आहे. अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचं पहिलं अधिवेशन १९१९ साली पुण्यात भांडारकर संस्थेत झालं आणि आज इंडियन हिस्टरी काँग्रेस म्हणून ओळखली जाणारी परिषद १९३५ मध्ये पुण्यातच सुरू झाली. अशा ठिकाणी शेकड्यांनी माणसं असतात आणि पहिल्यांदा येणारा हरवतो. त्यावर उपाय म्हणजे मुख्य सभागृह सोडायचं. हिस्टरी काँग्रेसमध्ये प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक, पुरातत्त्व असे विभाग असतात. आपला विभाग धरायचा आणि सगळे दिवस त्याच खोलीत बसायचं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तेच तेच चेहरे दिसून आपोआप मान हलवली जाते.

४. परिषद खरी आहे की प्रमाणपत्रांचा धंदा, हे कसं ओळखायचं?

विषयाचं नाव वाचा. ‘विज्ञान, वाणिज्य, मानव्यविद्या, क्रीडा व ग्रंथालयशास्त्रातील नवे प्रवाह’ असं असेल तर तिथे तुमच्या विषयाचं कुणी भेटण्याची शक्यता फारच कमी. ‘न येताही प्रमाणपत्र मिळेल’ असं लिहिलेलं असेल तर पुढे वाचूच नका.

‘आयएसबीएनसह प्रकाशन’ ही जाहिरात फसवी आहे. भारतात आयएसबीएन विनाशुल्क मिळतो, आणि तो क्रमांक फक्त पुस्तकाची ओळख पटवतो. मजकूर कुणी तपासला, याच्याशी त्याचा संबंध नाही. ‘स्कोपसची हमी’, म्हणजे त्या आंतरराष्ट्रीय संशोधनसूचीत निबंध येईलच असं वचन, कोणताही आयोजक देऊ शकत नाही, कारण तो निर्णय त्याच्या हातात नसतो. आणि ‘यूजीसी-केअर यादीतील अंकात छापू’ असं कुणी आजही सांगत असेल तर त्याने माहितीपत्रक जुनंच चालवलंय. मान्य नियतकालिकांची ती यादी यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली.

सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे मागच्या वर्षी तिथे गेलेल्या एखाद्याला फोन करून विचारायचं, ‘चर्चा झाली का?’

५. नोंदणी, गाडीभाडं, मुक्काम… खर्च कुठून आणायचा?

यूजीसीची जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) असेल तर आकस्मिक निधीकडे आधी पाहा. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांना तो पहिली दोन वर्षं वर्षाला १०,००० रुपये आणि नंतर २०,५०० रुपये असतो, विज्ञान शाखेला १२,००० आणि नंतर २५,०००. त्यातून परिषदेचा कोणता खर्च मंजूर होतो हे जाण्याआधी लेखा विभागात विचारा आणि मार्गदर्शकांची सही आधीच घ्या. परत आल्यावर बिलं घेऊन गेलं की ‘पूर्वपरवानगी कुठाय?’ हे ठरलेलं आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रांनी आपापल्या संस्थेचे नियम बघावेत, ते वेगवेगळे आहेत.

परदेशात निबंध स्वीकारला गेला असेल तर विज्ञानासाठी एएनआरएफ, म्हणजे पूर्वीचं एसईआरबी, आणि सीएसआयआर, सामाजिक शास्त्रांसाठी आयसीएसएसआर यांच्या प्रवास अनुदानाच्या योजना पाहा. अर्ज काही महिने आधी जावा लागतो, त्यामुळे स्वीकृतीपत्र आलं की त्याच आठवड्यात कामाला लागा.

तासिका तत्त्वावर (सीएचबीवर) असणाऱ्यांना यातलं बहुतेक काहीच मिळत नाही, उलट गेलेल्या तासांचं मानधनही बुडतं. त्यांनी आयोजकांना सरळ मेल करावा: ‘मी सीएचबीवर आहे, नोंदणी शुल्कात सवलत आणि वसतिगृहात राहण्याची सोय होऊ शकेल का?’ यात लाजण्यासारखं काही नाही. विचारल्यावर बऱ्याच ठिकाणी ‘हो’ येतं, कारण विचारणारेच कमी असतात.

६. जाण्याआधी काय तयारी करू?

कार्यक्रमपत्रिका आली की तिच्यावर दोन-तीन नावांभोवती पेन्सिलने गोल करा. त्यांचा एखादा लेख वाचा. सगळे नकोत, एकच. मग एकाला आठवडाभर आधी चार ओळींचा मेल टाका:

‘आदरणीय मॅडम, मी सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांवर पीएचडी करतोय. घरून काम करणाऱ्यांच्या मजुरीबद्दलचा तुमचा लेख वाचला, त्यातल्या ठेकेदारांच्या मुद्द्यावर एक शंका आहे. शनिवारी दुपारच्या सत्रानंतर दहा मिनिटं भेटता येईल का?’

सोबत प्रबंधाचं प्रकरण जोडू नका. ते कुणीही उघडत नाही.

दुसरी तयारी ओळखीच्या दोन वाक्यांची. ‘तुमचा विषय काय?’ याला मंजूर झालेलं सव्वीस शब्दांचं शीर्षक ऐकवायचं नसतं. घरच्यांना सांगता तसं सांगायचं. आणि ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाची ओळख पटवणारा क्रमांक, काढून ठेवा. तो सोळा अंकी असतो, फुकट मिळतो, आणि नावांच्या स्पेलिंगचे घोळ असलेल्या आपल्यासारख्यांना फार उपयोगी पडतो.

७. बीजभाषण देणाऱ्या सरांशी बोलायचं कसं? सुरुवातच सुचत नाही.

भाषण संपल्या संपल्या जाऊ नका. तेव्हा त्यांच्याभोवती प्राचार्य, शाल आणि छायाचित्रकार असतात. दुपारच्या जेवणानंतर किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडीची वाट पाहत उभे असताना गाठा. ‘सर, खूप छान बोललात’ इथे संवाद संपतो, कारण त्यावर ‘धन्यवाद’शिवाय काय म्हणणार? त्याऐवजी: ‘सर, काल तुम्ही १९७२ च्या दुष्काळातल्या रोजगार हमीच्या कामांबद्दल बोललात. मी माण तालुक्यातल्या त्या कामांवरच्या बायकांच्या मुलाखती घेतोय. त्या हजेरीपटाबद्दल वेगळंच सांगतात.’ आता सर थांबतील.

पाच मिनिटांनी तुम्हीच निरोप घ्या, पत्ता मागा, मेल करतो म्हणून सांगा. मेलचं काय करायचं ते प्रश्न १५ मध्ये आहे.

८. चहाच्या वेळी सगळे आपापल्या घोळक्यात असतात. मी एकटीच कप घेऊन मोबाइल बघत उभी राहते.

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की आपणच तेवढे असे. घोळका दिसतो तो बहुतेक वेळा एकाच महाविद्यालयातून एका गाडीने आलेल्या लोकांचा. त्यांनाही बाकी कुणी ओळखत नसतं.

एकटं उभं असलेलं दुसरं माणूस शोधा. ते असतंच, सहसा पुस्तकांच्या टेबलाशी. तुमच्याच सत्रात वाचलेल्या व्यक्तीशी बोलणं त्याहून सोपं, कारण विषय तयार असतो. नोंदणीच्या टेबलावर अर्धा तास मदत करू का विचारलं तर येणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि गाव कळतं. लाजाळू माणसाला याहून चांगली जागा नाही.

आणि घोळक्यात असलेल्यांसाठी: एरिक होल्शर नावाच्या सॉफ्टवेअरवाल्याने परिषदांसाठी ‘पॅक-मॅन नियम’ सांगितला आहे. गोल करून उभे राहाल तेव्हा एका माणसापुरती फट ठेवा, पॅक-मॅन या व्हिडिओ गेममधल्या पिवळ्या तोंडासारखी. कुणी त्या फटीत आलं की थोडं सरकून पुन्हा फट करा. करायला दोन सेकंद लागतात, पण आपल्याकडे पाठी इतक्या घट्ट जुळलेल्या असतात की चहाची किटलीही आत जात नाही.

९. माझं सगळं शिक्षण मराठीत झालं. इंग्रजीत प्रश्न आला की गडबडते.

निबंध इंग्रजीत लिहून वाचता येतो, भीती असते ती नंतरच्या प्रश्नांची. त्यासाठी सत्राध्यक्षांना आधीच सांगा: ‘निबंध इंग्रजीत वाचते, उत्तरं मराठीत किंवा हिंदीत दिली तर चालतील का?’ महाराष्ट्रात आणि गोव्यात बहुतेक सत्राध्यक्ष हो म्हणतात. प्रश्न कळला नाही तर ‘कुड यू रिपीट’ म्हणण्यात कमीपणा नाही, ज्येष्ठही म्हणतात.

माझं मत विचाराल तर मराठीतली सामग्री ही तुमची ताकद आहे. मोडी कागद वाचता येणारा, किंवा ऊसतोड कामगारांशी त्यांच्या बोलीत बोलू शकणारा संशोधक दिल्लीच्या परिषदेत दुर्मीळ असतो. बोलणं तिथून सुरू करा.

१०. उद्घाटन लांबलं आणि माझ्या पंधरा मिनिटांची चार झाली. श्रोते म्हणजे पुढचे पाच वाचक. मग गेलो कशाला?

दहाचं उद्घाटन साडेअकराला, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, नऊ जणांचे सत्कार, मनोगतं, आणि मग जेवण. उरलेल्या वेळात चाळीस निबंध. हा अन्याय आहेच आणि तो आयोजकांनी दूर करायचा आहे (प्रश्न १६). तोवर तुम्ही चार मिनिटांची आवृत्ती खिशात ठेवूनच जा: प्रश्न काय, सामग्री कुठली, एक ठळक निष्कर्ष, एक अडलेली गोष्ट. स्लाइड घाईघाईने पुढे ढकलत बसण्यापेक्षा ही चार वाक्यं समोर बघून म्हणा. अडलेली गोष्ट मुद्दाम सांगा, कारण लोक नंतर येऊन बोलतात ते तिच्याबद्दल.

समोरचे पाच श्रोते तुमच्याच विषयाचे आहेत. सत्र संपल्यावर पाचही जणांनी एकत्र जेवायला बसायचं, हे तुम्हीच सुचवा. आणि आपलं वाचून झालं की उठून प्रमाणपत्राच्या रांगेत उभे राहू नका. तुमच्यानंतर वाचणारी मुलगी रिकाम्या खुर्च्यांकडे बघत वाचते.

११. प्रश्नोत्तरात हात वर करावा का? मूर्खासारखा प्रश्न ठरला तर?

करावा, आणि लवकर करावा. २०१८ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. दहा देशांतल्या ३५ संस्थांमधली २४७ व्याख्यानं पाहिली, तेव्हा प्रश्न विचारणारी व्यक्ती पुरुष असण्याची शक्यता बाईपेक्षा अडीच पटींहून अधिक दिसली. पहिला प्रश्न पुरुषाने विचारला की पुढे बायकांचे प्रश्न आणखी कमी होत होते. म्हणजे पहिला प्रश्न कोण विचारतं यावर पुढचा माहोल ठरतो. सत्राध्यक्षांनी हे ध्यानात ठेवून पहिला हात मागच्या रांगेतला निवडावा.

प्रश्न एका वाक्याचा असावा आणि त्याआधी नाव-गाव सांगावं. ‘प्रश्न नाही, पण थोडं भाष्य करतो’ हे निवृत्त सरांसाठी सोडून द्या.

१२. मी सीएचबीवर आहे. बिल्ल्यावर काय लिहू? पद ऐकलं की लोकांची नजर दुसरीकडे जाते.

बिल्ल्यावर नाव आणि विषय लिहा: ‘ग्रामीण पाणीव्यवस्था’, ‘दलित स्त्रियांची आत्मकथनं’. आयोजकांनी छापील बिल्ल्यावर पद टाकलं असेल तरी खाली पेनाने विषय लिहिता येतो. कुणी विचारलंच तर ‘अमुक महाविद्यालयात शिकवतो’ एवढं खरं आणि पुरेसं आहे.

आडनावाचा प्रश्न याहून अवघड, आणि तो बरेच जण दबक्या आवाजात विचारतात. ‘पूर्ण नाव काय?’, ‘मूळ गाव कुठलं?’ या चौकशीचा रोख कुठे असतो हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. ‘गाव नांदेडकडचं, पण माझा विषय सांगतो…’ म्हणून बोलणं कामावर आणता येतं. नाहीच आलं तर ते माणूस सोडून द्या, सभागृहात आणखी दीडशे आहेत. आपल्यासारख्याच वाटेने आलेल्या वरिष्ठांना मात्र आवर्जून भेटा. कुठल्या दारावर वेळ घालवू नये हे ते स्वच्छ सांगतात.

१३. दुसऱ्या प्राध्यापकांशी बोललेलं आमच्या गाइडना आवडत नाही. काय करावं?

असे मार्गदर्शक आहेत, नाकारण्यात अर्थ नाही. जमेल तिथे त्यांनाच मध्ये घ्या: ‘सर, उद्या तिथे अमुक मॅडम येणार आहेत, तुमची ओळख असेल तर माझं नाव सांगाल का?’ ओळख त्यांच्या हातून झाली की कुरबुर कमी होते. परत आल्यावर कुणाशी काय बोलणं झालं हे तुम्हीच आधी सांगा, दुसऱ्याकडून कळलं की बिघडतं. दुसऱ्या प्राध्यापकांकडे गाइडची गाऱ्हाणी मात्र सांगू नका. क्षेत्र लहान आहे, परीक्षकांच्या यादीत दोघंही असतात.

माझी कल्पना कुणी उचलली तर, हीही भीती याच्याच जोडीने येते. छापून आलेलं किंवा लिहून पूर्ण झालेलं खुशाल सांगा. कच्ची सामग्री, मुलाखतींचे उतारे आणि स्लाइडची फाइल कुणाच्या पेनड्राइव्हवर देऊ नका. ‘पीडीएफ मेल करते’ म्हणा. मेलवर तारीख राहते.

१४. परिषदेत कुणी गैरवर्तन केलं तर तक्रार कुठे करायची? मी तर त्या विद्यापीठाची विद्यार्थिनी नाही.

तरीही तिथे तक्रार करता येते. यूजीसीच्या २०१५ च्या नियमावलीनुसार दुसऱ्या संस्थेच्या कार्यक्रमात सहभागी झालेल्या विद्यार्थिनीसोबत तिथे लैंगिक छळाची घटना घडली, तर त्या तक्रारीपुरती ती त्याच यजमान संस्थेची विद्यार्थिनी मानली जाते. तक्रार यजमान संस्थेच्या अंतर्गत समितीकडे लेखी द्यायची. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे मुदत घटनेपासून तीन महिने, आणि कारण पटलं तर समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते. त्याच रात्री काय झालं, किती वाजता, कोण जवळ होतं हे लिहून ठेवा आणि मेसेज पुसू नका. तातडीच्या मदतीसाठी ११२.

‘प्रबंधावर रात्री खोलीत येऊन बोलू’ या निमंत्रणाला ‘सकाळी नाश्त्याला भेटू सर’ एवढंच उत्तर. कारण देत बसू नका.

१५. परतल्यावर काय करायचं? व्हॉट्सॲपवर ‘सुप्रभात’ पाठवत राहू का?

नको! तीन-चार दिवसांत एक मेल: कुठे भेटलो, काय बोललो, आणि कबूल केलेली गोष्ट सोबत, मग तो लेख असो, दप्तराचा पत्ता असो की फोटो. उत्तर आलं नाही तर महिन्याभराने एकदा आठवण, मग गप्प. पुढे काही छापून आलं की पुन्हा निमित्त मिळतं. समवयस्क भेटले असतील तर पंधरा दिवसांतून एकदा ऑनलाइन बसून एकमेकांचं प्रकरण वाचा. ऑनलाइन परिषदेत ओळख होणं कठीणच असतं, तिथे ज्याचा निबंध आवडला त्याला त्याच संध्याकाळी मेल करणं एवढंच हाताशी राहतं.

१६. आम्ही चर्चासत्र भरवतोय. नव्या लोकांना परकं वाटू नये म्हणून काय करता येईल? बजेट नाही.

बहुतेक गोष्टींना पैसे लागतच नाहीत. सत्कार तीनांवर आणा आणि वाचलेला तास निबंधवाचकांना द्या. चाळीस निबंध स्वीकारण्यापेक्षा वीस स्वीकारा आणि प्रत्येकाला दहा मिनिटं वाचन, पाच मिनिटं चर्चा द्या. नोंदणी शुल्कावर गणित बसवलेलं असेल तर हे अवघड जातं, मान्य. मग उरलेल्यांना पोस्टर लावू द्या आणि पोस्टरची जागा चहाच्या टेबलाशेजारी ठेवा, मागच्या व्हरांड्यात नको.

साधनव्यक्तींचं जेवण प्राचार्यांच्या दालनात वेगळं लावू नका. या एका गोष्टीने जेवढं नुकसान होतं तेवढं कशानेच होत नाही. नव्या मुलांना त्यांच्याशी बोलायची तीच तर वेळ असते. निमंत्रण देतानाच सांगा की जेवण सर्वांसोबत आहे आणि प्रत्येक टेबलावर एक ज्येष्ठ असतील.

पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी अर्जात एक रकाना ठेवा आणि त्यांना आपल्या विभागातला एकेक जोडीदार द्या, जो त्यांची पहिल्या दिवशी चार जणांशी ओळख करून देईल. तान्हं मूल घेऊन येणाऱ्या शिक्षिकेसाठी आतून कडी लागणारी एक स्वच्छ खोली. जिना चढता न येणाऱ्यांसाठी सत्र तळमजल्यावर. मांसाहार, उपवास, मधुमेह हेही अर्जातच विचारा. अंतर्गत समितीच्या अध्यक्षांचं नाव आणि फोन कार्यक्रमपत्रिकेवर छापा. आणि प्रमाणपत्रं समारोपानंतरच वाटा, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारच्या सत्रात वाचणाऱ्यांना श्रोते मिळतील. शेवटची एसटी साडेचारची असणाऱ्यांना मात्र अडवू नका, त्यांचं प्रमाणपत्र सकाळीच पाकिटात घालून ठेवा.